बुधवारच्या ढेपेतलं मीठ

बुधवार, १४ एप्रिल १९७१. सकाळी धुकं, दहानंतर स्वच्छ. पहाटे पहिलारू गाय व्याली, कालवड झाली. विल्फ्रिडला दोर ओढायला हात दिला, त्यामुळे सगळंच काम तासभर मागे. चीजसाठी दूध सात गॅलन. रविवार, सोमवार आणि मंगळवारचा चक्का एकत्र चुरून साडेबाराला साच्यात भरला. जेवायला उकडलेले बटाटे, पार्सली घातलेला दुधाचा सॉस, कालचं उरलेलं कस्टर्ड. मीठ

इथे उर्सुला थ्रेलफॉलचं पेन थांबलं.

गेली पन्नास वर्षं ती संध्याकाळच्या चहानंतर, उजेड असेतो, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून रोजनिशी लिहीत आली होती. प्रेस्टनच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली सवय. त्या दिवशीचं त्याच दिवशी, शाईने, आणि खाडाखोड नाही. ज्या दिवशी चीजची ढेप साच्यात जायची त्या दिवशी शेवटचं वाक्य ठरलेलं असे, ‘मीठ साडेसहा औंस.’ ते लिहिताना तिला कधी विचार करावा लागला नव्हता. आज हात अडला. मीठ घातलेलं तिला स्वच्छ आठवत होतं. त्याच्या आधी ते एकदा घातलं होतं की काय, एवढंच आठवत नव्हतं.

आमच्या डोंगराखालच्या गावांत चीज एका दिवसाच्या दुधाचं होत नाही. पूर्वी गोठे लहान, एका दिवसाच्या दुधात ढेप भरायची नाही, म्हणून आजचा चक्का ओल्या फडक्याखाली राखायचा, त्याच्या जोडीला उद्याचा, परवाचा. पुढे गोठे वाढले तरी रीत तीच राहिली, कारण तीन दिवसांच्या तीन चवी मिसळल्याशिवाय ते आमचं चीज लागतच नाही. चौथ्या दिवशी तिन्ही गोळे हाताने चुरायचे, मीठ मारायचं, साच्यात भरून दाबाखाली ठेवायचं. एकदा साचा बंद झाला की त्यात दुरुस्ती नाही. मीठ कमी पडलं तर ढेप कडवट होऊन आतून फुगते. जास्त पडलं तर कोरडी आणि मुकी राहते, कितीही महिने ठेवली तरी पिकत नाही. आणि हे कळतं आठ आठवड्यांनी, प्रेस्टनहून पारखी येऊन ढेपेत सळई घालतो तेव्हा.

मीठ मारून साचा बंद होईपर्यंत खोलीतून हलायचं नाही, हा उर्सुलाच्या सासूचा नियम. बाराची घंटा झाली की हातातलं काम जिथे असेल तिथे ठेवून चर्चच्या दिशेला तोंड करून देवदूताची प्रार्थना म्हणायची, हा सिस्टरांचा. पन्नास वर्षांत दोन्ही नियम एकमेकांच्या आड आले नव्हते, कारण अकराच्या आत मीठ पडलेलं असायचं. त्या दिवशी गाईमुळे उशीर झाला आणि चक्का चुरून होतो तोच चर्चची घंटा सुरू झाली. उर्सुलाने हात पुसले, उत्तरेच्या खिडकीकडे वळली, डोळे मिटले, तीन नमो मरिया म्हटल्या. परत वळली तर मिठाचं वाडगं रिकामं. म्हणजे अजून मोजलेलं नाही, असं म्हणून तिने मीठ मोजलं आणि चक्क्यावर भुरभुरलं.

आता, हातात पेन घेऊन बसल्यावर, तिला तराजूचं पारडं दिसत होतं. मीठ मोजायला ती तराजूपाशी गेली तेव्हा चार औंसाचं, दोन औंसाचं आणि अर्ध्या औंसाचं अशी तिन्ही पितळी वजनं आधीच पारड्यात होती. मोजून झालं की वजनं खोक्यात परत ठेवायची तिची पद्धत. मोजलंच नव्हतं तर ती बाहेर कशी आली?

ती उठली आणि दुधाच्या खोलीत गेली. दाबाखालच्या साच्याला एक थेंब लोंबत होता. तिने तो बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट. पण खारट तर तो असणारच. पूर्वीची उर्सुला असती तर त्या एका थेंबावरून किती औंस ते सांगती. गेली दोन-तीन वर्षं जीभ पहिल्यासारखी राहिली नव्हती. तिच्या सुपाचा पहिला चमचा घेतल्यावर सून एनिड पाण्याच्या पेल्याकडे हात नेते, हे तिने पाहिलं होतं. एनिडला बोलावून ‘जरा चाखून सांग’ म्हणणं एवढंच करायचं होतं, आणि नेमकं तेच तिला करायचं नव्हतं.

कारण खोलीचा प्रश्न होता. दुधाची गाडी मायकलमसच्या सणापासून, म्हणजे सप्टेंबरअखेरीपासून, कॅन उचलणार नाही, असं पत्र फेब्रुवारीत आलं होतं. पुढे दूध द्यायचं तर घरी गार करणारी पोलादी टाकी हवी, आणि गाडीच्या नळीने ते त्या टाकीतून ओढून न्यायचं. टाकीला हवी थंड, उत्तरेकडे तोंड असलेली, फरशीला उतार असलेली जागा. साऱ्या मळ्यात तशी जागा एकच, चीज होतं ती ही दुधाची खोली. विल्फ्रिड काही दुष्ट मुलगा नव्हता. तीस गाई, दोन हात आणि दुखरी पाठ असलेला सेहेचाळीस वर्षांचा माणूस होता. त्याने आईशी सरळ बोलून घेतलं होतं.

“आई, वसंतातल्या वीसच्या वीस ढेपा पहिल्या प्रतीत गेल्या तर मी गाडीखान्याचं काहीतरी बघतो. पण एक जरी खाली गेली ना, तर समजायचं की तू दमलीस. मग खोली टाकीला.”

“आणि वीसही गेल्या तर?” उर्सुलाने विचारलं होतं.

“तर मी दमलो असं समजू.”

त्या वेळी ती हसली होती. पन्नास वर्षांत तिची एकच ढेप खालच्या प्रतीत गेली होती, तीही लग्नाच्या पहिल्या वर्षी. प्रेस्टनच्या दुकानदाराची मुलगी, फ्रेंच कविता पाठ आणि गाईला घाबरणारी, या घरात आली तेव्हा सासूने तिच्या हातांकडे बघून म्हटलं होतं, की हे हात पियानोचे आहेत, पण थंड आहेत, चालतील. चक्क्याला थंड हात लागतात. त्या थंड हातांनी तिने सासूकडून सगळं उचललं. युद्धात सरकारने आमच्या चीजवर बंदी आणली, सगळं दूध बाहेर जाऊ लागलं, तेव्हा चौदा वर्षं दाबयंत्राला गंज चढू नये म्हणून दर शनिवारी चरबी लावली. नवरा अँब्रोज गेला त्या आठवड्यातही सोमवारचा, मंगळवारचा चक्का वाया जाऊ दिला नाही, बुधवारी दफन आणि गुरुवारी ढेप. आता तीच खोली तिच्या हातून जाणार असेल तर म्हातारपणाने जावी, हे तिला एकवेळ चाललं असतं. पण मागच्या घटकेला काय केलं ते या घटकेला आठवत नाही, अशा कारणाने जावी, हे तिला चालणार नव्हतं. थोरली बहीण ब्रिजेट लाँग्रिज गावात असायची. ती आता किटली चादरींच्या कपाटात ठेवायची आणि उर्सुलाला आई म्हणून हाक मारायची.

तिने ‘मीठ’ या शब्दापुढे जागा कोरीच ठेवली आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवसापासून तिचं बूड एका जागी टेकेना. ढेपा रोज एकदा उलटायच्या असतात, ती बुधवारची ढेप दिवसातून पाच वेळा उलटू लागली. कापड गुंडाळून, वरून लोणी चोळून ढेप फळीवर गेली तेव्हापासून तर उर्सुलाला दुसरं काही दिसेनासं झालं. अंगठ्याने दाबून बघायची, बोटाने ठोकून कानाशी न्यायची, शेजारच्या ढेपेशी ताडून बघायची. कधी वाटे हिचा आवाज कोरडा आहे, कधी वाटे शेजारचीचाही तसाच आहे. भोक पाडून बघण्याची सोय नव्हती. पारख्याच्या आधी कुणी ढेपेला भोक पाडलं तर तो सळईही बाहेर काढत नाही. लोकर घेऊन बसली की चार ओळींत टाके चुकायचे. स्वयंपाकघरात तर तिने मिठाचा धसकाच घेतला. दुधात कांदा शिजवून त्यात चीज चुरून घालायचं, हा तिचा हातखंडा पदार्थ, पण आता ती चुलीपाशी तीनदा मिठाचा डबा उचलून तीनदा खाली ठेवायची, आणि शेवटी न घालताच ताटल्या वाढायची.

“आज अळणी झालंय का जरा?” विल्फ्रिड म्हणाला.

“डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय सगळ्यांनाच,” एनिड पटकन म्हणाली. कुठल्या डॉक्टरांनी, ते तिने सांगितलं नाही. उर्सुलाने मान वर केली नाही, पण सुनेने आपल्याला झाकून घेतलं हे तिला कळलं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

एनिडचं आणि तिचं वाकडं नव्हतं, पण दोघींच्या मध्ये एक अंतर होतं. एनिड गार्स्टँगच्या मेथडिस्ट घरातली. तिच्या माहेरी घंटा नव्हती, माळ नव्हती, शुक्रवारही इतर दिवसांसारखाच मांसाचा असायचा. लग्नानंतर ती बारा वर्षं या घरात राहत होती, चर्चच्या दारापर्यंत सासूला मोटारीने सोडायची आणि स्वतः बाहेर बसून पेपर वाचायची. पहिल्याच महिन्यात तिने वासाच्या साबणाने हात धुऊन चक्क्याला हात लावला होता. उर्सुलाने तिला खोलीबाहेर काढलं आणि सबंध चक्का डुकरांना घातला. तेव्हापासून एनिड पाणी तापवून आणायची, फरशी घासायची, फडकी उकळायची, आणि चक्क्यापासून हातभर लांब उभी राहायची. बघायची मात्र सगळं.

मे महिन्याच्या मध्यावर उर्सुलाने एक गोष्ट केली, जी तिने आयुष्यात केली नव्हती. घरात कुणी नाही असं बघून तिने बुधवारची ढेप फळीवरून काढली, वीस पौंडांचं ते ओझं पोटाशी धरून बंद बैठकीत नेलं आणि पियानोच्या मागे, भिंतीशी, जुन्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून ठेवलं. फळीवर एकोणीस उरल्या. त्या तिने अशा सरकवल्या की मधली फट दिसू नये. विल्फ्रिड काही मोजत बसणार नव्हता, आणि विचारलंच तर एक घरात खायला काढली असं सांगता आलं असतं. गुरुवारी आणि शुक्रवारी ती दर तासाला बैठकीत जाऊन आली. पियानोवरची धूळ पुसते असं दाखवायची. पियानो एवढा चकचकीत कधीच नव्हता.

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली आणि जाळीपलीकडच्या तरुण फादरना सांगितलं, की मी घरातल्या माणसांपासून चीजची एक ढेप लपवली आहे. फादर शहरातून नवीन आलेले. त्यांनी आधी ढेप किती मोठी आहे ते विचारलं. मग म्हणाले की लपवण्याचं कारण जर भीती असेल तर त्या भीतीबद्दल घरात कुणाशी तरी बोला, आणि माळेचं एक दशक, दहा नमो मरिया, म्हणा. माळ तिने बाकावरच म्हणून टाकली. बोलण्याचं काम घरी आल्यावर करू म्हणाली, आणि घरी आल्यावर टोपीही न काढता आधी बैठकीत गेली.

पियानोमागे काही नव्हतं. टेबलक्लॉथसुद्धा घडी घालून खणात ठेवलेला होता.

दुधाच्या खोलीत फळीवर वीस ढेपा होत्या. १४ एप्रिलची तिच्या जागेवर, चिठ्ठी पुढे करून, त्या दिवशीची उलटून झालेली. शनिवारी बैठक झाडायचं काम एनिडचं. उर्सुला फळीला धरून उभी राहिली. सुनेने पाहिलं, सुनेला कळलं, आणि ब्रिजेटच्या सुना जसं किटली गुपचूप उचलून चुलीवर ठेवतात तसं हिने गुपचूप सगळं जागच्या जागी ठेवून दिलं. संध्याकाळी दोघींनी मिळून गूझबेरीची देठं काढली. पावसाविषयी बोलणं झालं, कालवडीच्या पोटाविषयी झालं, साय यंदा पातळ आहे याविषयी झालं. ढेपेविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. देठं नेहमीपेक्षा निम्म्या वेळात संपली.

तिथून पुढचे चार आठवडे उर्सुलाचे कसे गेले ते तिच्या वहीवरून कळत नाही. वहीत नेहमीसारखंच हवा, दूध, जेवण. फक्त अक्षर मोठं होत गेलं आहे. ढेप ती आता लपवत नव्हती, पण तिच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि मग वळून बघायची. खिडकीशी जाऊन रस्ता बघायची, पारख्याच्या मोटारीला अजून तीन आठवडे होते तरी. एनिड खोलीत आली की ही काहीतरी काढून बाहेर जायची. ही आत गेली की एनिडला अंगणात काम निघायचं.

शुक्रवार ११ जून. पारखी गॉर्नल दहाला आले. धिप्पाड, पांढरा डगला, बोलण्याआधी नाक ओढायची सवय. बंदी उठल्यापासून ते या फळ्यांवर सळई घालत होते. स्वयंपाकघरात बटाटे, कांदा आणि भरपूर लोणी भरलेली शुक्रवारची बटर-पाई भाजायला लागली होती. मोठ्या धर्मगुरूंनी शुक्रवारचं मांस मोकळं करून तीन वर्षं झाली, पण ते उर्सुलाने मनावर घेतलं नव्हतं. गॉर्नलसुद्धा, मेथडिस्ट असून, या घरी नेमके शुक्रवारीच यायचे.

विल्फ्रिड गोठ्यातून येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. गॉर्नलनी वीसही ढेपांवरून तळवा फिरवला आणि त्यांच्या रीतीप्रमाणे तीन निवडल्या. पन्हळीसारखी पोलादी सळई आत घालून गर्रकन फिरवून बाहेर काढली, निघालेली कांडी नाकाशी नेली, बोटांत चुरली, जिभेवर ठेवली, उरलेली परत भोकात बसवून वर लोणी माखलं. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले.

“थ्रेलफॉलबाई, तुमच्याकडून गेल्यावर चार दिवस मला बाकीच्यांचं चीज म्हणजे खडू लागतो. पहिली प्रत. सगळा घाणा पहिली प्रत.” त्यांनी खिशातून वही काढली.

बुधवारची त्या तिन्हींत नव्हती. विल्फ्रिडने चौकट सोडून अंग सरळ केलं, तोंडावर अर्धं हसू. सगळं संपलं होतं. उर्सुलाला आता फक्त गप्प उभं राहायचं होतं. तिने फळीकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं की हे चीज विकलं गेलं, कुणीतरी कुठेतरी कापलं, तरी आपण त्या ढेपेला उलटतच राहणार.

“गॉर्नल, वही ठेवा,” ती म्हणाली. “अजून एक बघा. चौदा एप्रिलची.”

“कशाला? तीन बघितल्या की.”

“मी सांगते म्हणून.”

गॉर्नलनी नाक ओढलं आणि सळई घातली. ती आत जाताना करकरली. बाहेर आली तेव्हा कांडी मध्येच मोडलेली होती, पांढरीफटक, कोरडी. त्यांनी एक कण जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

“हिला दोनदा मीठ पडलंय.”

उर्सुलाने एप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते.

“माझ्या हातून झालं,” ती विल्फ्रिडकडे बघून म्हणाली. “बाराची घंटा झाली, मी प्रार्थनेला वळले, आणि परत वळले तोवर विसरले की मीठ घालून झालंय. त्याच दिवशी संध्याकाळी मला संशय आला होता. सांगितलं नाही. मधे दोन दिवस ढेप लपवलीसुद्धा. तू म्हणाला होतास ते बरोबर आहे. खोली घे.”

“एकदाच तुमच्या हातून,” मागून आवाज आला.

एनिड चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. तिने ट्रे दाबयंत्रावर टेकवला.

“दुसऱ्यांदा माझ्या. म्हणजे पहिल्यांदा माझ्या. मी गरम पाणी घेऊन आले तर तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभ्या. चक्का चुरून ठेवलेला, मीठ मोजून ठेवलेलं, नि चक्का गार होत चाललेला. तुमची प्रार्थना कधी संपते ते मला थोडंच माहीत. हात साध्या साबणाने धुतले होते मी. मीठ मारलं, वरखाली केलं आणि गेले. वाटलं, तुम्ही वळाल, बघाल, काही बोलणार नाही, पण तुम्हाला कळेल की मला येतं. दारातून मागे बघितलं तर तुम्ही पुन्हा मोजत होतात.”

“आणि तोंडातून शब्द फुटला नाही तुझ्या?”

“मागच्या वेळी सबंध चक्का डुकरांना गेला होता.”

उर्सुला बाजूच्या तिपाईवर बसली. वजनं पारड्यात होती, कारण घंटेआधी तिनेच मीठ मोजून ठेवलं होतं; पण चक्क्यावर ते तिने एकदाच घातलं होतं. डोकं जागेवर होतं. त्या आनंदाच्या मागोमाग तिला असा काही राग आला की कान तापले.

“आठ आठवडे, एनिड. आठ आठवडे मी स्वतःला ब्रिजेटच्या शेजारच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं.”

“मला काय माहीत तुम्ही असं काही समजताय? मला वाटलं, तुम्हाला चवीवरून कधीच कळलंय. तुम्ही माझी वाट बघताय, मी कधी कबूल होते त्याची. पियानोमागे ढेप सापडली तेव्हा तर मला वाटलं, माझ्यावर पुरावा राखून ठेवलाय.”

“चव लागत नाही मला,” उर्सुला म्हणाली.

हे ती आजवर कुणाला बोलली नव्हती. फादरनाही नाही.

“कधीपासून?” विल्फ्रिडने विचारलं.

“अँब्रोजच्या सहाव्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेपासून असेल. आंबट कळतं, गोड कळतं. मीठ किती ते कळत नाही. मापावर चालवते मी.”

गॉर्नलनी ट्रेवरचा एक कप उचलला, घोट घेतला आणि थांबले. “यात साखर एकीनेच घातलीय ना?”

एनिडला हसू फुटलं आणि लगेच डोळे पुसायची वेळ आली. विल्फ्रिड हसला नाही. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

“एकोणीस पहिल्या प्रतीत, एक दुसरीत,” गॉर्नल म्हणाले. “तव्यावर भाजून खायला चालेल ती. मी तसं लिहितो.”

“अट वीसची होती,” विल्फ्रिड हळू आवाजात म्हणाला. “मी वाईटपणा म्हणून सांगत नाही, आई. टाकी सप्टेंबरात येणार. कुठेतरी ठेवायला हवी.”

“गाडीखान्यात ठेव,” एनिड म्हणाली.

“गाडीखान्यावर दिवसभर ऊन असतं.”

“मग भिंत घाल. दुखली पाठ तर मी विटा देते हातात. आईंची ढेप खाली गेलेली नाही, माझी गेलीय. मी दमलेली नाही. मला अजून सुरूही करू दिलेलं नाही कुणी.”

विल्फ्रिडने आईकडे बघितलं. उर्सुलाला कळलं, की आता ती जे म्हणेल तेच होणार. ‘हो’ म्हणायचं तर नुसतं खोली राहू दे म्हणून भागणार नव्हतं. तिने सुनेच्या हातांकडे बघितलं. लाल, रुंद, घासून घासून भेगा पडलेले. तिने पुढे होऊन ते आपल्या हातात धरले. चहाचा ट्रे आत्ताच खाली ठेवूनसुद्धा गार होते.

“मीठ यापुढे एकाच हाताने पडेल,” ती म्हणाली. “तुझ्या. मी चक्का चुरेन, दाब बघेन, पण वाडग्याला हात लावणार नाही. आणि घंटा झाली की मी वळले तरी तू थांबायचं नाहीस.”

“आणि चुकलं तर?”

“तर तू मला सांगायचंस. त्याच दिवशी.”

“तुम्हीही.”

उर्सुलाने हात सोडले. “मीही,” ती म्हणाली.

विल्फ्रिड टोपी घालून बाहेर पडला. थोड्या वेळाने खिडकीतून दिसलं, तो गाडीखान्याच्या दाराशी पावलं टाकून जागा मोजत होता, चुकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता. गॉर्नलनी पाईचे दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा कागदात बांधून नेला. दुपारी नव्या चक्क्याला मीठ मारायची पाळी होती. एनिडने मोजलं. उर्सुला दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून शेजारी उभी राहिली, आणि बोटं आत सारखी हलत होती. एनिड एका कोपऱ्याला जरा जास्तच भुरभुरवते आहे असं तिला वाटलं. ती बोलणार होती. मग एनिडने तळापासून वर हात घालून सगळं फिरवून घेतलं, एक कण जिभेवर ठेवला, आणि मान हलवली.

संध्याकाळी चहानंतर उर्सुलाने वही काढली. आधी १४ एप्रिलचं पान उघडून ‘मीठ’पुढच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘तेरा औंस, दोघींचं मिळून.’ मग आजच्या पानावर आली. हवा ढगाळ, वारा पश्चिमेचा. गॉर्नल दहाला आले, साडेअकराला गेले. विल्फ्रिड म्हणतो, गाडीखान्याला उत्तरेकडून दार पाडता येईल, बघू. मीठ साडेसहा औंस, एनिडच्या हाताने. पेन थोडं थांबलं, पण पुढे गेलं.

भाताची खीर माझ्या हातून ओव्हनमध्ये पाव तास जास्त राहिली, वरची साय करपली.